सरांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली

पत्र

ताई, माझं वय 34. पुरातत्त्वात एम.ए., मग पीएच.डी. केली. जवळपास दहा वर्षं मी एकाच सरांच्या हाताखाली एका सातवाहनकालीन साइटवर काम करते आहे. ट्रेंचची डायरी मी लिहिते, खापरांची वर्गवारी मी करते, मातीच्या मूर्तींची चित्रं माझ्या हातची आहेत. मुख्य अहवाल अजून यायचाय. मधल्या काळात जे लेख आले त्यांत माझं नाव शेवटच्या आभारांच्या ओळीत. विषय काढला की सर एका तुर्की पुरातत्त्वज्ञ बाईंचं उदाहरण देतात, जाले इनान यांचं. म्हणतात, ‘त्या आपल्या प्रमुखाबरोबर, मानसेलबरोबर, तीस वर्षं राहिल्या, तोंडातून ब्र काढला नाही, म्हणून आज त्यांचं नाव आहे. तुला दहा वर्षांतच घाई झाली.’

आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका लहान संग्रहालयातून विचारणा आली आहे. कंत्राटी जागा, तीन वर्षांची. त्यांच्याकडे मातीच्या मूर्ती पेट्या भरभरून पडल्या आहेत, धड नोंदही झालेली नाही. पगार आत्ताच्या मानधनापेक्षा थोडा बरा. नवरा इंजिनियर, चांगल्या पदावर आहे. तो म्हणतो, तुझं तू ठरव. सासूबाई म्हणतात, सहा वर्षांचं पोर टाकून मडकी मोजायला कशाला जायचं. सर म्हणतात, गेलीस तर इथलं दार बंद.

मी काय करू? आणि ही जाले इनान खरंच अशी होती का?

— शर्वरी (नाव बदललं आहे)

उत्तर

शर्वरी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तुमच्या सरांनी सगळा युक्तिवाद त्या बाईंच्या खांद्यावर ठेवला आहे. तो खांदा किती भार पेलतो, हे बघायलाच हवं.

सरांनी सांगितलेली वर्षं जवळपास बरोबर आहेत. 1946 साली आरिफ मुफीद मानसेल यांनी तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्याजवळ, पेर्गे या प्राचीन शहराचं उत्खनन सुरू केलं. पुढच्या वर्षी त्याच किनाऱ्यावर पूर्वेला असलेल्या सिदेचं. दोन्ही ठिकाणी इनान पहिल्यापासून होत्या. मानसेल 1975 मध्ये वारले. त्यानंतर इस्तंबूल विद्यापीठातलं अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन, पुरातत्त्वाचं अध्यासन आणि पेर्गेचं नेतृत्व इनान यांच्याकडे आलं. तेव्हा त्या साठीला पोचल्या होत्या. म्हणजे एकोणतीस वर्षं दुसऱ्याच्या उत्खननावर. इथवर सरांचं खरं.

आता त्या एकोणतीस वर्षांच्या आत डोकावू.

मानसेल शहर उकलत होते: वेशी, रस्ते, नाट्यगृह, स्नानगृहं. इनान यांनी स्वतःसाठी त्यातला एकच धागा उचलला, तो म्हणजे शिल्पं, आणि त्यातही माणसांचे चेहरे. सम्राट, सम्राज्ञी, गावचे श्रीमंत, पुरोहित, ज्यांची नावं कधीच कळणार नाहीत अशी माणसं. रोमन काळातली ही व्यक्तिशिल्पं वाचणं हे अत्यंत किचकट काम आहे. तुम्ही मातीच्या मूर्तींत बुडालेल्या असल्यामुळे तुम्हाला ते चटकन कळेल. नाक तुटलेलं, नाव कोरलेला चौथरा हरवलेला, हाताशी फक्त एक डोकं. मग केशरचना बघायची. सम्राज्ञीने केस बांधायची पद्धत बदलली की साम्राज्याच्या कोपऱ्यातल्या बायकाही बदलायच्या, त्यामुळे अंबाड्यावरून दशक सांगता येतं. डोळे बघायचे. साधारण सम्राट हेड्रियनच्या काळापासून, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून, शिल्पकार बुबुळ नुसतं रंगवण्याऐवजी दगडात कोरू लागले. कानामागे बघायचं, तिथे जुन्या केसांची खूण राहिली असेल तर एका माणसाचं डोकं तासून दुसऱ्याचं केलेलं असतं. असं शेकडो डोक्यांचं करायचं, वेगवेगळ्या गावांतल्या संग्रहालयांत जाऊन, गोदामांतून काढून.

ते त्यांनी केलं. 1965 मध्ये अंताल्या परिसरातल्या रोमन व्यक्तिशिल्पांवर त्यांचं पुस्तक आलं. 1966 मध्ये एलिझाबेथ रोझेनबाउम यांच्यासोबत आशिया मायनरमधल्या (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या) रोमन आणि सुरुवातीच्या बायझंटाइन व्यक्तिशिल्पांचा मोठा ग्रंथ आला, तोही इंग्लंडमधून. 1975 मध्ये सिदेच्या रोमन शिल्पांवरचं पुस्तक. 1979 मध्ये रोझेनबाउम यांच्यासोबतच नव्याने सापडलेल्या शिल्पांचा पुढचा ग्रंथ, या वेळी जर्मनमध्ये. तारखा बघा: पहिली दोन पुस्तकं मानसेल हयात आणि प्रमुख असतानाची. सिदेचं उत्खनन मानसेलांचं होतं, पण सिदेच्या शिल्पांबद्दल बोलायचं तर इनान यांच्याकडे जावं लागे. प्राध्यापकपद त्यांना 1963 मध्येच मिळालं होतं. 1970 ते 1972 त्या क्रेम्ना या डोंगरातल्या शहरात स्वतःचं उत्खनन करत होत्या. तिथल्या एका इमारतीतून निघालेले संगमरवरी पुतळे आज बुर्दूरच्या संग्रहालयात उभे आहेत. त्यानंतर सिदेच्या वरच्या अंगाला, पाइनच्या रानातल्या आणखी एका शहरावर त्यांचं काम सुरू झालं.

हे ‘ब्र न काढता’ थांबणं नव्हे. त्या एका जागी राहिल्या, पण त्या जागेत त्यांच्या नावाची खोली होती. तुमच्या सरांनी राहणं सांगितलं आणि खोली गाळली.

मानसेलांना मी इथे खलनायक करत नाही. इनान यांच्याबरोबर इस्तंबूलमध्ये अभिजात पुरातत्त्वाची शाखा उभी करणारा तो माणूस. शिल्पांचं काम त्यांनी सहकाऱ्याच्या नावाने होऊ दिलं, हे मोठेपणच आहे. प्रमुख माणूस कसा असावा याचं उदाहरण म्हणून तुमचे सर मानसेलांचं नाव का घेत नाहीत, हे त्यांना विचारायला हरकत नाही. जरा हसत विचारा.

आता पेर्गेचीच एक गोष्ट, कारण ती तुमच्या पत्राला फार चपखल बसते. शहराच्या दक्षिण वेशीवर जुन्या ग्रीक काळातले दोन गोल बुरूज आहेत. त्यांच्या मागे घोड्याच्या नालाच्या आकाराचं अंगण. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, 120 च्या आसपास, ते अंगण प्लान्किया माग्ना नावाच्या बाईने सजवलं. ती आर्टेमिस देवीची पुजारीण होती, शहराचं सर्वोच्च पदही तिने भूषवलं. भिंतींतल्या कोनाड्यांत तिने देवदेवतांचे आणि शहराच्या संस्थापकांचे पुतळे बसवले. त्या संस्थापकांत तिने आपल्या वडिलांना आणि भावालाही घातलं. चौथऱ्यांवर काय कोरलं? ‘संस्थापक मार्कुस प्लान्कियुस वारुस, प्लान्किया माग्नाचा पिता.’ आणि भावाच्या खाली, ‘प्लान्किया माग्नाचा भाऊ.’ वडील रोमच्या सिनेटमध्ये बसणारा माणूस, एका प्रांताचा राज्यपाल झालेला. गावच्या वेशीत मात्र त्याची ओळख मुलीवरून. हे चौथरे मानसेल आणि इनान यांच्या उत्खननातून बाहेर आले. खुद्द प्लान्कियाचा पुतळा अंताल्याच्या संग्रहालयात आहे, डोक्यावर पुजारिणीचा मुकुट. नाव कुठे आणि कसं कोरायचं याची त्या बाईला चांगलीच जाण होती. (खर्च तिचा होता, हेही आलंच.)

आता ज्या प्रकरणांमुळे इनान यांचं नाव पुरातत्त्वाबाहेर गेलं त्याकडे येते. त्यातही सरांचा हिशोब चुकतो.

1980 मध्ये पेर्गेच्या स्नानगृहात हेराक्लीसच्या संगमरवरी पुतळ्याचा खालचा अर्धा भाग मिळाला. ग्रीक पुराणातला हा बलदंड वीर, दमून सोट्यावर रेललेला. मूळ कल्पना ग्रीक शिल्पकार लिसिपोसची, रोमनांनी तिच्या ठिकठिकाणी प्रती केल्या. कमरेपासून वरचा भाग नव्हता. पुढच्याच वर्षी तशाच हेराक्लीसचा वरचा अर्धा भाग बॉस्टनच्या फाइन आर्ट्स संग्रहालयाने एका अमेरिकन संग्राहकासोबत मिळून विकत घेतला. 1990 मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रदर्शनात मांडला गेला. इनान तेव्हा 76 वर्षांच्या, निवृत्त होऊन सात वर्षं झालेल्या. वरचा भाग आपल्या खालच्या भागाचा आहे हे त्यांनी दाखवून दिलं आणि पत्रकार ओझ्गेन अजार यांनी ते जगासमोर आणलं. बॉस्टनचं म्हणणं असं की पुतळा प्राचीन काळीच तुटला असेल, वरचा भाग केव्हाच देशाबाहेर गेला असेल. 1906 च्या उस्मानी कायद्यापासून जमिनीतून निघणारी प्राचीन वस्तू सरकारची मानली जाते, त्यामुळे भाग केव्हा बाहेर गेला यावर सगळं अडलं होतं. 1992 मध्ये दोन्ही भागांचे प्लास्टरचे साचे एकमेकांवर ठेवून पाहिले. बसले. तरीही वरचा भाग परत यायला 2011 उजाडलं. तो तुर्कस्तानच्या पंतप्रधानांच्या विमानातून मायदेशी आला. इनान फेब्रुवारी 2001 मध्येच गेल्या होत्या.

दुसरं प्रकरण बुबोनचं. बुर्दूर प्रांतातल्या या डोंगरी गावात 1960 च्या दशकात चोरट्यांनी खोदकाम करून सम्राटांचे ब्राँझचे मोठमोठे पुतळे काढले आणि विकले. एक धड तेवढं अधिकाऱ्यांच्या हाती लागलं, ते बुर्दूरला गेलं. बाकीचे अमेरिका आणि युरोपातल्या संग्रहांत पांगले. कुणाचीही मूळ जागा सांगितली जात नव्हती. इनान यांनी 1970 च्या दशकातच बुर्दूरचं धड आणि अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयातलं एक ब्राँझचं शिर यांच्यावर लेख लिहिला. मग 1990 मध्ये त्या बुबोनला गेल्या. पुतळे नव्हते, पण सम्राटपूजेच्या तिथल्या दालनातले चौथरे होते आणि त्यांच्यावर नावं होती. कोणत्या चौथऱ्यावर कोण उभा असणार, आणि त्यातला कोण आता कोणत्या संग्रहात आहे, याची जुळणी त्यांनी मांडली आणि 1994 मध्ये छापली. न्यूयॉर्कच्या जिल्हा सरकारी वकिलांनी बुबोनचे पुतळे परत करायची मोहीम अलीकडे हाती घेतली. 2023 मध्ये मेट्रोपॉलिटनमधला सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा पुतळा परत गेला. क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने आपला ब्राँझचा पुतळा सोडायला नकार देत दावा लावला, पण माती आणि शिशाच्या तपासणीनंतर 2025 मध्ये त्यांनीही तो परत द्यायचं मान्य केलं. या सगळ्या वादात एका निवृत्त प्राध्यापिकेचा तो लेख पुन:पुन्हा उघडला गेला.

हे मी एवढं सविस्तर लिहिलं, कारण यातलं एकही काम त्यांना मानसेलांची खुर्ची मिळाली म्हणून झालेलं नाही. खुर्ची 1983 ला सुटली होती. झालं ते चाळीस वर्षं शिल्पांच्या एकाच धाग्याला धरून राहिल्यामुळे आणि तो धागा वेळोवेळी स्वतःच्या नावाने छापल्यामुळे. आपल्याकडे असलेला अर्धा दगड ज्याने वर्षानुवर्षं हाताळला आहे, त्यालाच दुसरा अर्धा दिसल्यावर शंका येते. आणि त्याचं नाव छापलेलं असेल तरच त्या शंकेला जगात किंमत मिळते.

तर, ही जाले इनान खरंच अशी होती का? नव्हती. सर सांगतात तशी सोशिक बाई तर मुळीच नव्हती.

पण शर्वरी, आता जरा तुमच्या बाजूलाही कठोर होते. उदाहरण आपल्याला सोयीचं झालं म्हणून ते पुरं होत नाही. इनान जन्माने ओगान. वडील अझीझ ओगान पुरातत्त्वाच्याच नोकरीत, पुढे इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयांचे संचालक. लहानपणी त्यांच्याबरोबर प्राचीन शहरांतून हिंडल्या, त्या घरात पुतळ्यांवर गप्पा होत असणार. नव्या तुर्की प्रजासत्ताकाला तेव्हा शिकलेल्या बायका हव्या होत्या आणि त्यासाठी सरकार पैसे मोजत होतं. 1934 मध्ये जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती, नंतर सरकारी. बर्लिन आणि म्युनिकला शिक्षण, बर्लिनला गेर्हार्ट रोडेनवाल्ट यांच्याकडे रोमन नाण्यांवरच्या यज्ञदृश्यांवर प्रबंध. तो 1943 मध्ये पुरा झाला, म्हणजे शहरावर बॉम्ब पडत असताना. लोक हा भाग फार रंगवून सांगतात. मला त्याचं कौतुक आहे, पण ते शहर हिटलरची राजधानी होतं हेही त्याच वाक्यात यायला हवं. परत आल्यावर विद्यापीठात क्लेमेन्स बोश यांच्या हाताखाली सहायकाची जागा मिळाली. हा गृहस्थ जर्मन, बायको ज्यू असल्यामुळे तिथून निघून इस्तंबूलला आलेला. म्हणजे इनान बर्लिनला शिकत होत्या त्याच वर्षांत बर्लिन असल्या लोकांना हाकलत होतं.

मुद्दा असा की इनान यांना नोकरी होती. महिन्याचा पगार, बढतीची वाट, निवृत्तिवेतन. आभारांच्या ओळीत नाव आणि दर वर्षी नव्याने मिळणारं मानधन यावर कुणी एकोणतीस वर्षं राहू शकत नाही, आणि राहू नये. सर तुमच्याकडून इनान यांचा धीर मागतात तेव्हा इनान यांची जागा तुम्हाला देतात का? देत नसतील तर उदाहरण बाद.

(जाता जाता: सरांनी कधी ‘अतातुर्कची मानसकन्या’ (अतातुर्क म्हणजे तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक) असंही सांगितलं असेल, तर ती आफेत इनान, इतिहासकार. वेगळी बाई. आडनाव सारखं असल्यामुळे हा गोंधळ होतो.)

आता काय करायचं ते.

संग्रहालयाला हो म्हणण्याआधी सरांशी एकदा नीट बसून बोला, जमिनीवरच्या गोष्टींवर. माझं नाव का नाही, असं विचारू नका. त्याला ‘योग्य वेळी येईल’ हे उत्तर तयार असतं. अहवालातलं मातीच्या मूर्तींचं प्रकरण मी लिहिते, त्यावर माझं नाव येईल, आणि मजकूर अमुक महिन्यापर्यंत तुमच्या टेबलावर असेल, असं सांगा. उत्खननाची परवानगी प्रमुखाच्या नावे असते, अहवालाची जबाबदारीही त्यांची. ती त्यांच्याकडेच राहू द्या, त्याला हात लावू नका. एक प्रकरण मागा, सगळं पुस्तक नको. आपल्याकडे हे काही नवं नाही. नेवाशाच्या उत्खननाच्या अहवालावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांबरोबर त्यांच्या सहकाऱ्यांची नावं आहेत, इनामगावच्या अहवालावर ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी अशी तीन नावं आहेत, आणि त्यामुळे सांकलियांचं काही कमी झालं नाही. सर डेक्कन कॉलेजच्या परंपरेचा अभिमान बाळगणारे असतील तर हे उदाहरण तुर्कस्तानपेक्षा जास्त लागू पडेल.

बोलणं झालं की त्याच संध्याकाळी सरांना दोन ओळींचा मेल टाका: आज ठरलं ते असं असं. भांडणाचा सूर नको. तारखेचा मेल मात्र हवाच. डायऱ्या आणि मूळ नोंदी संस्थेच्या आहेत, त्या घेऊन जाऊ नका, कुणी बोट दाखवेल असं काही करू नका. पण दहा वर्षांत कोणत्या ट्रेंचमध्ये, कोणत्या थरावर तुम्ही काम केलं, कोणत्या मूर्तींची चित्रं काढली, याची यादी तुमच्याजवळ हवी. नसेल तर आत्ता करा, स्मरण ताजं आहे तोवर.

सर हो म्हणाले तर त्यांना मुदत द्या, पण संग्रहालयाला नाही म्हणू नका. जास्तीत जास्त रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून मागा. नाही म्हणाले, किंवा पुन्हा इनान यांच्यावर आले, तर जा. माझं मत स्पष्ट आहे: बहुधा तुम्हाला जावंच लागेल, आणि ते तुमच्या भल्याचं आहे. तुमच्या पत्रात सरांबद्दल, पैशांबद्दल, सासूबाईंबद्दल वाक्यं आहेत, पण जीव आहे तो एकाच वाक्यात: ‘मातीच्या मूर्ती पेट्या भरभरून पडल्या आहेत.’ तो तुमचा धागा आहे, साइट बदलली तरी तो तुटत नाही. तुमच्या सातवाहन मूर्ती, तेरच्या संग्रहातल्या मूर्ती, या पेट्यांमधल्या मूर्ती, सगळ्या एकमेकींशेजारी मांडून बघणारं माणूस हवंच आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा ब्राँझचा पुतळा मिळाला त्याला 80 वर्षं झाली, त्यावर अजून लिहिलं जातं. मातीच्या मूर्तींच्या वाट्याला तेवढं लक्ष कुठे आलंय? इनान यांनी एका उत्खननाचा पुरेपूर हिशोब ठेवला आणि शेजारच्या दहा गावांची गोदामंही पालथी घातली. उत्खननावर असताना हे दुसरं काम तुम्हाला करता आलेलं नाही. संग्रहालयात ते करता येईल.

‘दार बंद’ या धमकीला फार घाबरू नका. अहवाल यायचाय, आणि मूर्तींचं प्रकरण तुमच्याशिवाय कुणी लिहू शकत नाही हे सरांना तुमच्याइतकंच ठाऊक आहे. आज बंद केलेलं दार छपाईच्या वेळी उघडावं लागतं. तुम्ही मात्र जाताना आपटू नका. पुढे कधी तुमच्या नेमणुकीचा विषय निघेल तेव्हा याच माणसाला कुणीतरी फोन करणार आहे. पुरातत्त्वाचं जग लहान आहे.

नवऱ्याच्या ‘तुझं तू ठरव’बद्दल थोडं. जाले यांचे पती मुस्तफा इनान हे इस्तंबूलच्या तांत्रिक विद्यापीठात स्थापत्याचे प्राध्यापक, पुढे तिथले कुलगुरू. माणूस इतका लाडका की त्यांच्याच एका विद्यार्थ्याने त्यांच्यावर चरित्रात्मक कादंबरी लिहिली. आजही सामान्य तुर्की वाचकाला जालेंपेक्षा मुस्तफा जास्त माहीत असणं शक्य आहे. लग्न 1944 मधलं, मुलगा 1945 चा, पेर्गेची पहिली कुदळ 1946 ची. हिशोब तुम्हीच करा. एक वर्षाचं मूल असताना बाई अंताल्याला जात होत्या. त्या महिन्यांत इस्तंबूलच्या घरात कोण काय सांभाळत होतं, हे अशा गौरवकथांमध्ये कधीच येत नाही. मुस्तफा 1967 मध्ये गेले, त्यांच्यानंतरची कामं बाईंनी नवऱ्याच्या साथीविना केली. तुमच्या नवऱ्याचं वाक्य वाईट नाही, पण अर्धवट आहे. ‘तुझं तू ठरव’ म्हणजे ‘मी आड येणार नाही’. त्याला विचारा, आठवड्यातले कोणते दिवस मुलगा त्याच्याकडे, शाळेच्या मीटिंगला कोण, ताप आला तर रजा कोणाची. इंजिनियर आहे, वेळापत्रक लगेच समजेल. ते कागदावर आलं की सासूबाईंच्या प्रश्नाचं बळ अर्धं होतं, कारण मग ‘पोर टाकून’ हे खरं राहत नाही. त्यांना मडकी का मोजतात हे समजावण्यात शक्ती घालवू नका. सुट्टीत एकदा मुलाबरोबर त्यांनाही संग्रहालयात न्या. पेटीतून एखादी मातीची बाळ घेतलेली बाई काढून दाखवा. पटलं तर पटलं, नाही तर दुपारचं जेवण बाहेर होईल.

शेवटचं, आणि हे सही करण्याआधी. कंत्राटाचा कागद नीट वाचा. तीन वर्षांत तुम्ही ज्या मूर्तींची नोंद कराल, छायाचित्रं काढाल, त्यांच्यावर स्वतःच्या नावाने लिहायची परवानगी त्यात आहे का? बहुतेक वेळा यावर एक शब्दही नसतो, आणि मग पुढचा अधिकारी आल्यावर तुम्ही पुन्हा आभारांच्या ओळीत. रुजू होण्याआधी एक पत्र द्या: या संग्रहाची सूची मी तयार करेन, ती माझ्या नावाने प्रसिद्ध होईल, संग्रहालयाचा उल्लेख प्रकाशक म्हणून असेल. त्यावर ‘मान्य’ असा शेरा आणि तारीख घ्या. पोचपावतीचा शिक्का पुरत नाही, शेरा हवा. तो मिळाला तर मला कळवा. नाही मिळाला तर सही करण्याआधी कळवा.

— ताई